आनुवंशिक अटॅक्सियासाठी टीएमएस: नाव नोंदवण्याआधी वाचा

चालताना झोक जाणे, पाय फाकवून चालावे लागणे, जीभ जड होणे. घराण्यातून येणाऱ्या अटॅक्सियात हे होते ते बहुतेक वेळा लहान मेंदूतल्या पेशी झिजल्यामुळे. टीएमएस, म्हणजे चुंबकीय लहरींनी मेंदूला चेतना देणे, हा त्यावरचा पूरक उपचार आहे. जनुकातला दोष त्याने जात नाही. काहींचा तोल सुधारतो, पण माफक, आणि उपचार थांबल्यावर तो फायदा ओसरू शकतो. अमेरिकेत २००८ साली या तंत्राला नैराश्यासाठी मान्यता मिळाली. अटॅक्सियासाठीचा वापर अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. हे सगळे समजून घेतल्यावरच संमतीपत्रावर सही करा.

पहिल्या दिवशी तुमची मात्रा ठरते. दहा चुंबकीय ठोक्यांपैकी पाचांना हाताचे बोट हलेल, इतकी कमीत कमी ताकद आधी शोधतो. मग कॉइल, म्हणजे ठोके देणारे तारेचे वेटोळे, डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, मध्यापासून साधारण ३ सेंमी बाजूला धरतो. थीटा बर्स्ट या थांबून-थांबून ठोके देण्याच्या पद्धतीत २ सेकंद ठोके, ८ सेकंद विश्रांती. ६०० ठोके सव्वातीन मिनिटांत होतात. वेळ जातो तो कॉइल जागेवर बसवण्यात. अटॅक्सियात मानच डुलते आणि कॉइल बोटभर जरी सरकली तरी मानेचे स्नायू उडतात, लहान मेंदूपर्यंत काही पोचत नाही. म्हणून कपाळाला टेकू देतो. टकटक आवाज मोठा असतो. कानात बोळे घालायलाच हवेत. नंतर डोके किंवा मान दुखू शकते.

पेसमेकर, कानातले इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. जागरण आणि दारूने फिटचा धोका वाढतो. मुंबईहून रात्रभर एसटीने येऊन सकाळी थेट खुर्चीत बसू नका, एक झोप काढा. पावसाळ्यात वीज गेली तर राहिलेले ठोके नोंदवून पुढचे ठरवतो. घाईने मात्रा वाढवत नाही.

उपचाराआधी आणि नंतर अटॅक्सियाची तीव्रता मोजणारी ‘सारा’ चाचणी घेतो: आठ कृती, ० ते ४० गुण, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. आकडा हलला नाही तर आणखी सत्रे घ्या असे आम्ही सांगणार नाही. तोलाचा व्यायाम मात्र रोज हवाच, आणि घरच्या जांभ्याच्या पायऱ्यांना कठडा हवा, त्यांवरचे शेवाळ घासलेले हवे.

जनुक चाचणीचा रिपोर्ट सोबत आणा. एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) या आनुवंशिक प्रकारात प्रत्येक अपत्याला आजार येण्याची शक्यता ५० टक्के असते, पण लक्षणे नसलेल्या मुलांना ‘खबरदारी’ म्हणून टीएमएस देत नाही. त्यांना जनुकीय समुपदेशकाकडे न्या.