गोधडी मशीनखाली कशी आली

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या शिवण क्लासात मशीन क्विल्टिंगच्या, म्हणजे कापडाचे थर मशीननं एकत्र शिवण्याच्या, पहिल्या दिवशी आम्ही सात जणींनी एकच चूक केली. खाली अस्तर, मध्ये वाडिंग म्हणजे भरावाचा मऊ थर, वर तुकडे जोडून केलेलं कापड असे तीन थर घातले, कडेला पहिली टीप मारली आणि चौकोनात चौकोन घेत आत आत आलो. शेवटच्या चौकोनाशी पोचेपर्यंत मधलं कापड टम्म फुगलं, तव्यावरच्या भाकरीसारखं. दाबून टीप मारली तर चुणी पडायची, सोडून दिलं तर फुगा तसाच. बाई हसत म्हणाल्या, "अगं, गोधडी शिवताय तुम्ही. इथं मधून निघायचं आणि कडेला जायचं."

गोधडी आम्हाला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती, नुसती पाहिलेली होती. कऱ्हाडकडची माझी आजी उन्हाळ्यात ओसरीवर जुनं लुगडं अंथरायची, त्याच्या पोटात फाटकी धोतरं आणि विरलेल्या साड्या पसरायची, कडा दुमडून कच्चे टाके घालायची आणि मग कडेकडेनं धावदोरा सुरू. एक फेरा संपला की बोटभर आत दुसरा. दर चार-पाच टाक्यांनी डाव्या तळव्यानं कापड सारखं करायची. जास्तीचं कापड त्या टाक्यांत थोडं थोडं जिरत जायचं. गोधडीवर दिसणाऱ्या बारीक सुरकुत्या त्यातूनच येतात, आणि तिचा मऊपणाही.

मशीनला तळवा नसतो. त्याचे दात खालचा थर मागे ओढतात आणि वरून दाबणारा फूट वरचा थर अडवतो, त्यामुळे वरचं कापड दर टाक्याला किंचित पुढे ढकललं जातं. एका टिपेत ते दिसतही नाही. पण कडेकडून आत येत गेलं की चारी बाजूंनी ढकललेलं कापड मध्यावर गोळा होतं. मधून बाहेर गेलं तर तेच कडेला जाऊन सुटतं. यावर उपाय म्हणून वॉकिंग फूट निघाला. त्यालाही दात असतात, म्हणून वरचा आणि खालचा थर बरोबरीनं सरकतो. तो असला तरी मधूनच सुरुवात करायची असते, हे मात्र मी एक आख्खं दुपटं उसवून शिकले.

गोधडीला महाराष्ट्रात नावं कितीतरी. सांगली-कोल्हापूरकडे वाकळ, तान्ह्या बाळासाठी दुपटं. कर्नाटकात कौदी, बिहारात सुजनी, बंगालात कांथा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आणि साधा धावदोरा या दोन गोष्टी सगळीकडे सारख्या. नवं कापड फाडून गोधडी करणं आमच्या घरी उधळपट्टीत जमा झालं असतं. गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे. गरिबीची खूण म्हणून गोधडी लपवायची आणि आजीची आठवण म्हणून जपायची, अशी आपली दुहेरी तऱ्हा अजून आहे.

ठाण्याच्या आसपास ही कला बाहेरून येत राहिली. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली. पुढे घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आले आणि त्यांच्या ट्रंकांतून वाकळा आल्या. त्याआधी फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना जागा मिळाली. 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधची रल्ली हीसुद्धा चिंध्यांचीच, पण तिच्यात त्रिकोण-चौकोनांची नक्षी असते आणि धावदोऱ्याच्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. आमच्या वर्तकनगराशेजारी तर पांघरुणाची गिरणीच होती. रेमंडचा कारखाना 1925 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यातून मुख्यतः जाडीभरडी लोकरी ब्लँकेटं निघत. सुटाच्या कापडाचं नाव नंतर झालं.

एलियस हाऊ यांना शिवणयंत्राचं पेटंट 1846 मध्ये मिळालं, आयझॅक सिंगर यांना 1851 मध्ये. एकोणिसावं शतक संपण्याआधी सिंगरची मशिनं हिंदुस्थानात विकली जात होती. 1930 च्या दशकात कोलकात्यात 'उषा' तयार होऊ लागली आणि काळं पायमशीन मध्यमवर्गीय घरात कपाटासारखं कायमचं बसलं. तरी गोधडी त्याच्याखाली गेली नाही. सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये जेमतेम सहा-सात इंच जागा असते. पाच फूट रुंद गोधडीची वळकटी करून ती त्या बोगद्यातून ओढणं म्हणजे अंथरूण खिडकीतून बाहेर काढण्यातला प्रकार. शिवाय लुगड्याचे सहा-सात थर आले की फूट खाली टेकायलाच तयार होत नाही. मशीन ब्लाऊज, परकर, झबली यांच्यासाठी आणि गोधडी हातासाठी, अशी वाटणी ठरून गेली.

पण त्याच पायमशीनवर आणखी एक काम चालायचं, आणि क्विल्टिंगच्या क्लासात त्याचं नावही निघत नाही याचं मला नवल वाटतं. मशीनचं भरतकाम. दात खाली करायचे किंवा पट्टीनं झाकायचे, फूट काढून ठेवायचा, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. कापड मशीन ओढत नाही, आपण फिरवतो. टाका लांब की आखूड हे हाताच्या आणि पायाच्या तालावर ठरतं. सिंगर कंपनी हे काम पायमशीनवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिकवत होती. आपल्याकडच्या शिवण क्लासांतही ते होतं, आणि पँटचा गुडघा रफू करणारा कारागीर आजही तेच करतो. क्विल्टिंगमध्ये ज्याला फ्री मोशन म्हणतात ते हेच. फरक एवढाच की रिंगच्या जागी तीन थरांचं जाड कापड असतं आणि सुईभोवती उडी मारणारा छोटा फूट लावतात. माझी आई, वय 74, पोरींसाठी परकरावर मशीननं वेल काढायची. क्लासातला नागमोडी टाका मला तीन आठवडे जमेना, तो तिनं माझ्या मशीनवर बसून दहा मिनिटांत काढला. वर म्हणाली, "हात पळवू नकोस. मशीन पळतंय तेवढं पुरे."

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. तुकडे मशीनवर जोडणं तिथं एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं होतं. पण थर एकत्र शिवायचं, म्हणजे खरं क्विल्टिंगचं काम हातानंच करायचं, हा मान कित्येक पिढ्या टिकला. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले आणि 1976 च्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीत घरोघरचे क्विल्ट पेटाऱ्यांतून बाहेर आले. 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल पात्याचा कटर आणला. कात्रीनं एकेक तुकडा कापण्याऐवजी चार-सहा थर पट्टी धरून एकदम कापता येऊ लागले. कापणं झटपट झालं आणि हातानं शिवणं मात्र तेवढंच सावकाश राहिलं. 1980 च्या दशकात हॅरिएट हारग्रेव्ह यांच्यासारख्या शिक्षिका साध्या घरगुती मशीनवर क्विल्टिंग शिकवू लागल्या. तरी प्रदर्शनांत मशीनचं काम खालच्या पायरीवरच असायचं. मग 1989 मध्ये केंटकीतल्या पडुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीननं शिवलेल्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथं मशीनच्या कामाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. हातानं शिवणाऱ्या बायका चिडल्या, आणि मला त्यांचा राग समजतो. वर्षभर एका पांघरुणावर बसलेल्या बाईला हे सहज पचणारं नव्हतं.

आपल्याकडे असा निकाल कुणी दिला नाही. कापड बदललं आणि काम झालं. 1970-80 नंतर कपाटात सुती लुगड्यांच्या जागी पॉलिएस्टरच्या साड्या साठू लागल्या. त्या फाटत नाहीत, मऊ होत नाहीत, आणि थर घातले की एकावरून एक घसरतात. हातसुईनं शिवताना जीव जातो. मशीनच्या टिपेत वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे थरांच्या पोटात एकमेकांना अडकतात, त्यामुळे निसरडं कापड जागेवर राहतं. पिंजाऱ्याच्या धनुकलीनं मोकळा केलेला कापूस मशीनखाली गोळा होतो. पॉलिएस्टरच्या वाडिंगचा सलग ताव मात्र तसाच्या तसा शिवता येतो. म्हणून दुकानातली रजई आधी मशीनवर गेली आणि मग रस्त्याकडेला "मशीनवर गोधडी शिवून मिळेल" अशा पाट्या दिसू लागल्या.

कोपरखैरण्यात मावशीच्या इमारतीजवळ असा एक गोधडीवाला बसतो. मोटारीवर चालणारं जड मशीन, वर ताडपत्री, बाजूला लोकांनी आणून दिलेल्या साड्यांची गाठोडी. टाचण्या नाहीत, खडू नाही. मी त्याला आमच्या क्लासातल्या भाकरीची गोष्ट सांगितली. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही, नुसती मान हलवली. मग पुढचं गाठोडं सोडलं, चार साड्या एकावर एक झटकून पसरल्या, गोधडी लांबीत दुमडून मधली घडी बोटानं दाबली, पुन्हा उलगडली आणि पहिली टीप त्या घडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली. नंतर डावीकडे एक, उजवीकडे एक. "कुणी शिकवलं?" विचारलं तर म्हणाला, "पहिली गोधडी फुगली होती, ताई. गिऱ्हाइकानं परत आणून दिली."