एक्स्पेक्ट स्क्रिप्ट : दोष आणि दोषशोध

टर्मिनलसमोर बसून माणसाने टाइप करायची उत्तरे त्याच्या गैरहजेरीत देणारी स्क्रिप्ट. दूरच्या यंत्रावर लॉगिन करणे, राउटरचे कॉन्फिगरेशन बदलणे, जुन्या इन्स्टॉलरच्या प्रश्नांना ‘होय’ म्हणत जाणे अशी कामे तिच्याकडे असतात. ‘एक्स्पेक्ट’ हे यातले सर्वांत रुळलेले साधन. त्यामुळे पायथन किंवा पर्लमध्ये लिहिलेल्या अशा स्क्रिप्टलाही बोलताना बहुधा हेच नाव लागते.

कल्पना एक्स्पेक्टहून जुनी आहे. टेलिफोनच्या तारेवरून यूनिक्स यंत्रे जोडणाऱ्या यूयूसीपी प्रणालीत ‘चॅट स्क्रिप्ट’ असत. कशाची वाट पाहायची आणि ते आले की काय पाठवायचे, अशा जोड्यांची ती एक ओळ असे. त्यात ‘लॉगिन’ या शब्दाचे पहिले अक्षर मुद्दाम गाळून उरलेला तुकडाच शोधत, कारण समोरचे यंत्र ते अक्षर कॅपिटल पाठवील की स्मॉल याचा भरवसा नसे. ही युक्ती आजच्या स्क्रिप्टमध्येही दिसते, आणि ती का करतात हे लिहिणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेत एक्स्पेक्ट तयार केले आणि १९९० मध्ये ते जगापुढे आले. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर ते उभे आहे. जीसीसी कंपायलरच्या चाचण्या चालवणारी डेजाग्नू ही चौकटही एक्स्पेक्टवरच चालते.

साध्या पाइपने, म्हणजे एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला जोडून, हे काम का होत नाही? एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करणारी आज्ञा) पासवर्ड वाचते ते स्टँडर्ड इनपुटमधून नव्हे, थेट टर्मिनलकडून. पाइपमधून ढकललेला पासवर्ड तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून एक्स्पेक्ट कर्नलकडून एक आभासी टर्मिनल मागून घेते आणि प्रोग्रॅमला त्यावर बसवते. समोर खरा माणूस आहे, असे प्रोग्रॅमला वाटते. मुख्य आज्ञा चारच : ‘स्पॉन’ प्रोग्रॅम सुरू करते, ‘एक्स्पेक्ट’ ठरावीक मजकुराची वाट पाहते, ‘सेंड’ उत्तर पाठवते आणि ‘इंटरॅक्ट’ सूत्रे पुन्हा माणसाच्या हाती देते.

बिघाडांचे मूळही या सोंगातच आहे. माणूस पडदा पाहतो, तर स्क्रिप्टला फक्त बाइटांचा प्रवाह दिसतो. प्रॉम्प्ट, म्हणजे उत्तर मागणारी खूण, रंगीत असेल तर माणसाला रंग दिसतो. स्क्रिप्टला मात्र अक्षरांच्या मध्येच रंग सांगणारे एस्केप संकेत सापडतात आणि तिचा नमुना (शोधायचा मजकूर) जुळत नाही. म्हणून टर्मिनलचा प्रकार ‘डंब’ आणि भाषेची मांडणी (लोकेल) ‘सी’ ठेवून सत्र सुरू करतात. ओळीचा शेवट हाही असाच सापळा. टर्मिनलवरून येणाऱ्या ओळीच्या टोकाला बहुधा कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परतण्याचा संकेत) आणि न्यूलाइन (नव्या ओळीचा संकेत) अशी जोडी असते. नमुन्यात नुसती न्यूलाइन धरून मजकूर लिहिला की तो जुळत नाही. उलट दिशेला एंटर कळ कॅरेज रिटर्न पाठवते, म्हणून ‘सेंड’च्या शेवटीही तेच हवे. न्यूलाइन पाठवली तरी शेलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काम भागते, पण पूर्ण पडदा वापरणाऱ्या मेन्यूत तीच स्क्रिप्ट अडते.

सर्वांत घातक दोष मात्र अडण्याचा नाही, पुढे पळण्याचा आहे. एक्स्पेक्टची वाट पाहण्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. तेवढ्यात अपेक्षित मजकूर आला नाही आणि टाइमआउटसाठी, म्हणजे मुदत संपल्यावर काय करायचे यासाठी, वेगळी शाखा लिहिलेली नसेल, तर स्क्रिप्ट कुठलीही तक्रार न करता पुढची ओळ चालवते. समजा सर्व्हर सावकाश आहे आणि पासवर्डचा प्रॉम्प्ट बाराव्या सेकंदाला आला. तोवर पासवर्ड कधीच पाठवून झालेला असतो. तो यूजरनेमच्या जागी पडला तर समोरच्या यंत्राच्या लॉगमध्ये उघड्यावर उमटू शकतो. शेलपुढे पडला तर आज्ञा म्हणून चालवला जातो. प्रत्येक ‘एक्स्पेक्ट’ला टाइमआउटची आणि प्रवाह संपल्याची अशा दोन्ही शाखा हव्यात, हा या क्षेत्रातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम आहे.

चुकीच्या जागी जुळणे हा त्याचाच भाऊ. नमुना ओळीच्या सुरुवातीशी बांधलेला नसतो, तो मजकुरात कुठेही सापडला तरी चालतो. ‘हॅश’चे चिन्ह दिसले की रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) प्रॉम्प्ट आला असे मानणारी स्क्रिप्ट एक दिवस अशा सर्व्हरवर जाते जिथल्या स्वागतसंदेशाभोवती हॅशचीच चौकट काढलेली असते. तसेच, पाठवलेली आज्ञा एको होऊन, म्हणजे जशीच्या तशी, परत येते. आज्ञेने शेवटी ‘डन’ छापावे आणि स्क्रिप्टने त्याची वाट पाहावी, असे केले तर ती स्वतःच्याच आज्ञेतल्या ‘डन’ला भुलते. आज्ञेत त्या शब्दाच्या मधोमध रिकामी अवतरणचिन्हे घातली की एको वेगळा आणि उत्तर वेगळे होते.

एसएसएचची रूढ आवृत्ती असलेल्या ओपनएसएसएचचे उदाहरण बोलके आहे. अनोळखी यंत्राची ओळख पटवणारी की स्वीकारायची का, या प्रश्नाच्या शेवटी वर्षानुवर्षे कंसात ‘येस’ आणि ‘नो’ एवढेच दोन पर्याय छापले जात. २०१९ च्या ८.० आवृत्तीत त्यांच्या जोडीला ‘फिंगरप्रिंट’ आले. कंसासकट नमुना लिहिलेल्या स्क्रिप्ट त्या एका शब्दाने निकामी झाल्या.

काही दोष कधी येतात, कधी नाही. मजकूर एकसंध येत नाही, तुकड्यांनी येतो आणि तुकडे कुठे पडतील हे दर वेळी बदलते. ‘काहीही, कितीही’ असा हावरा नमुना त्या क्षणी जेवढे आले असेल तेवढे गिळतो. शिवाय काही प्रोग्रॅम पासवर्डचा प्रश्न आधी छापतात आणि एको मागाहून बंद करतात. माणसाचा हात तेवढा वेगवान नसतो, स्क्रिप्टचा असतो. त्या फटीत पाठवलेला पासवर्ड पडद्यावर उमटतो किंवा फेकून दिला जातो. पायथनच्या पीएक्स्पेक्टमध्ये प्रत्येक पाठवणीआधी मुळातच ५० मिलिसेकंदांचा विराम आहे तो यासाठीच. एक्स्पेक्टमधून पीएक्स्पेक्टमध्ये स्क्रिप्ट नेताना आणखी एक गोष्ट चुकवते : अनेक नमुने दिले तर एक्स्पेक्ट यादीत आधी असलेल्याला मान देते, पीएक्स्पेक्ट प्रवाहात आधी आलेल्याला. पीएक्स्पेक्टची मर्यादा ३० सेकंदांची असून ती ओलांडली की अपवाद (एक्सेप्शन) उठतो, हे त्यातल्या त्यात बरे.

‘स्क्रिप्ट चुकीशिवाय संपते, पण काम होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा शेवटची ओळ असते. अखेरचे ‘सेंड’ करून स्क्रिप्ट लगेच बाहेर पडली की आभासी टर्मिनल बंद होते, त्यावरच्या प्रोग्रॅमला हँगअपचा सिग्नल जातो आणि आज्ञा अर्धवट मरते. उपाय म्हणून ‘एक्झिट’ पाठवून प्रवाह संपेपर्यंत थांबावे आणि ‘वेट’ने निकालाचा आकडा घ्यावा. पासवर्डमधले डॉलरचे चिन्ह किंवा चौकोनी कंस टीसीएल स्वतःसाठी मानते, आणि स्क्रिप्ट शेलच्या हिअर-डॉक्युमेंटमध्ये (शेल स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यात) कोंबली असेल तर डॉलर त्याआधीच शेल खाते. पासवर्डची सुरुवात डॅशने होत असेल तर ‘सेंड’ त्याला पर्याय समजते, म्हणून आधी दोन डॅश देतात.

दोषशोधात अंदाज बांधत बसण्यापेक्षा डायग्नोस्टिक सुरू करणे केव्हाही स्वस्त. ‘उणे डी’ पर्यायाने, किंवा स्क्रिप्टमध्ये ‘एक्स्प-इंटर्नल’ एकवर ठेवून, एक्स्पेक्ट काय वाचले, कोणत्या नमुन्याशी ताडले आणि जुळले की नाही हे छापत जाते. अदृश्य अक्षरेही त्यात लेखी दिसतात, त्यामुळे कॅरेज रिटर्न किंवा रंगाचा संकेत लपत नाही. पासवर्डही लपत नाही, म्हणून ही नोंद कुणाला पाठवण्याआधी साफ करावी लागते. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेत) बंद पडत असेल तर तिथे टर्मिनल नाही आणि पाथही (प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, हे आधी पाहावे. राउटरच्या लांबलचक उत्तरात पान संपल्याची खूण अडवत असेल तर पानांची विभागणीच बंद करतात. सिस्को उपकरणांत टर्मिनलची लांबी शून्य केली की काम होते. बफरची (आलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेची) मूळ मर्यादा २००० बाइट आहे. लांब मजकुरात ती ‘मॅच-मॅक्स’ने वाढवली नाही तर मजकुराचा आधीचा भाग जुळणी होण्यापूर्वीच गळून जातो.

निव्वळ एसएसएच लॉगिनसाठी एक्स्पेक्ट वापरणे आता अनुभवी मंडळी टाळतात. पासवर्डऐवजी की-जोडीने लॉगिन केले आणि ‘बॅचमोड’ लावला की एसएसएच काही विचारतच नाही, जमले नाही तर सरळ अपयश कळवते. जिथे दुसरे दार नाही अशी जुनी उपकरणे, सीरियल कन्सोल आणि स्वतः संवादी असलेल्या प्रोग्रॅमच्या चाचण्या एवढे काम मात्र अजून एक्स्पेक्टकडेच आहे.