सुभेदाराचं पदक: ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ की ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’?

ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली आपल्या फौजेतल्या देशी लोकांसाठी दोन सन्मान काढले: ऑर्डर ऑफ मेरिट आणि ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया. दोन्ही गव्हर्नर जनरलच्या हुकमाने मिळायचे, दोन्हींचं पदक चांदणीच्या आकाराचं, दोन्हींत वर्ग होते आणि दोन्हींबरोबर पैसेही मिळत. त्यामुळे एखाद्या सुभेदाराचं जुनं पदक हाती आलं की घोटाळा होतो. ‘बहादूर’ ही पदवी दिसली की लोक शौर्यपदकच समजतात, आणि नेमकी तिथेच चूक होते.

मेरिटचा निर्णय एका प्रश्नावर होई: या माणसाने लढाईत स्वतः काय केलं? सगळी तुकडी नेटाने लढली, एवढ्यावर भागत नसे. वैयक्तिक शौर्याचं ठळक कृत्य दाखवावं लागे. हुद्द्याची अट नव्हती. शिपाई असो की सुभेदार, दार सारखंच उघडं. शिफारस पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडून वर सरसेनापतीकडे आणि तिथून सरकारकडे जाई. वर्ग तीन होते आणि ते खालून वर चढायचे. पहिल्या पराक्रमाला तिसरा वर्ग. दुसरा हवा तर तिसरा आधी मिळालेला असावा आणि पुन्हा नवा पराक्रम घडावा. म्हणून पहिल्या वर्गाचं सोन्याचं पदक फार दुर्मीळ आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक-तृतीयांश जादा रक्कम, दुसऱ्याला दोन-तृतीयांश, तर पहिल्याला थेट दुप्पट पगार. माणूस वारल्यावर ही जादा रक्कम त्याच्या विधवेला तीन वर्षं मिळे, आणि बायका एकाहून अधिक असल्या तर आधी लग्न झालेलीचा हक्क पहिला.

ब्रिटिश इंडियाचा हिशेब सगळ्या नोकरीचा. दीर्घ, इमानी आणि निष्कलंक चाकरी हा त्याचा निकष, आणि तो फक्त देशी अंमलदारांसाठी, म्हणजे जमादार, सुभेदार, रिसालदार यांच्यासाठी. वर्ग दोन, आणि सुरुवातीला प्रत्येकात जागा फक्त १००. कितीही लायक माणूस असला तरी जागा रिकामी होईपर्यंत थांबणं आलंच. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ ही पदवी आणि रोज दोन रुपये, दुसऱ्याला ‘बहादूर’ आणि रोज एक रुपया. शिवाय इमान किती, हे गोऱ्या साहेबाच्या मतावर ठरे. मेरिटमध्ये निदान घडलेल्या गोष्टीचा आधार तरी होता, म्हणून त्या काळच्या फौजेत मला तो निवाडा अधिक न्याय्य वाटतो.

वायव्य सरहद्दीवरच्या सारागढी या छोट्या लष्करी चौकीचं उदाहरण घ्या. १२ सप्टेंबर १८९७ रोजी ३६व्या शीख पलटणीच्या तिथल्या २१ जवानांनी प्राण दिले, आणि सगळ्यांना मरणोत्तर मेरिटचा तिसरा वर्ग मिळाला. त्यांचा म्होरक्या ईशर सिंग हवालदार होता. ब्रिटिश इंडियाचं दार त्याला जिवंतपणीही बंदच होतं, कारण हवालदार अंमलदारांत मोडत नसे.

पदक हातात असेल तर आधी ते कुठे घालायचं ते बघा. मेरिटची चांदणी छातीवर लागे; फीत गडद निळी, कडा किरमिजी, आणि चांदणीच्या मधोमध तलवारींची जोडी. ब्रिटिश इंडियाचं पदक गळ्यात घालत आणि त्याच्या मध्यभागी सिंह असे. त्याची फीत आधी आकाशी होती. केसांच्या तेलाने ती मळते म्हणून लगेचच किरमिजी केली, असं सांगतात. १९३९पासून त्या फितीवर फिकट निळ्या रेघा आल्या: पहिल्या वर्गाला दोन, दुसऱ्याला एक.

कागदपत्रांत दोन ठिकाणी पाय घसरतो. १९०२ साली इंग्लंडच्या राजाने ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ याच नावाचा वेगळा सन्मान काढला, तेव्हा इथल्याचं नाव ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ झालं. त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत ‘इंडियन’ शब्द नसला तर बिचकू नका. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. १९११च्या दिल्ली दरबारात हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक खुलं झालं, मेरिटचा जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि उरलेल्या दोन वर्गांचे क्रमांक एकेक वर सरकले. म्हणजे पहिल्या महायुद्धातला ‘दुसरा वर्ग’ हा जुना तिसराच. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या मराठा पलटणींच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर एकाच पराक्रमाचं पदक पाहून माणसाने दोन पराक्रम केले असं धरलं जातं.

दोन्ही सन्मान एकाच अंमलदाराला मिळू शकत. नावापुढे ओ.बी.आय. (ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया) आणि आय.ओ.एम. (इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट) दोन्ही दिसले, तर ते दोन वेगळे निर्णय आहेत. त्यांच्या तारखाही वेगवेगळ्या शोधाव्या लागतील.