‘ड्रॅग धरत नाही’ म्हणून रील परत आणण्यापूर्वी

पावसाने तळी भरू लागली, की आमच्या दुकानात एकच तक्रार घेऊन मासेमारीच्या रील येऊ लागतात. मरळ लागली, रॉड वाकला, ड्रॅग (लाईन किती जोराला सुटावी हे ठरवणारा रीलमधला ब्रेक) पूर्ण आवळलेला होता, तरीही लाईन, म्हणजे गळाची दोरी, सुटत गेली आणि मासा जलपर्णीत शिरला. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ असतो: ड्रॅग खराब आहे, रील बदलून द्या. आम्ही रील उघडतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा ड्रॅगच्या चकत्या ठणठणीत असतात आणि चूक निघते ती लाईन भरण्यात. ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाईन कोऱ्या, गुळगुळीत स्पूलवर (लाईन गुंडाळायच्या चाकावर) थेट गाठ मारून भरलेली असते. हे माहितीपत्रक केवळ तेवढ्या एका चुकीविषयी आहे.

मोनो, म्हणजे नायलॉनची लाईन, थोडी ताणली जाते. ताण देऊन गुंडाळली की ती परत आखडू पाहते आणि त्यामुळे स्पूलला आवळून बसते. ब्रेडेड लाईन पॉलिथिलीनच्या अत्यंत मजबूत तंतूंची विणलेली असते. ती जवळजवळ ताणली जात नाही, पाणी शोषत नाही आणि अंगाने निसरडी असते. याच गुणांमुळे ती फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचे कृत्रिम आमिष, वापरणाऱ्यांना प्रिय आहे आणि याच गुणांमुळे धातूच्या स्पूलवर तिची पकड बसत नाही. पुरेसा जोर आला, की आतल्या गाठीसह सगळी भरलेली लाईन, सैल बांगडी मनगटावर फिरावी तशी, स्पूलभोवती फिरू लागते. नुसते फेकताना आणि गुंडाळताना हे कधीच लक्षात येत नाही, कारण तेव्हा लाईनवर ओझेच नसते.

रोहू-कटल्यासाठी पीठ लावून बसणाऱ्यांकडून ही तक्रार आमच्याकडे फारशी येत नाही. त्यांच्याकडे बहुधा मोनो असते आणि मासा दमेपर्यंत लाईन सोडत राहण्याइतका ड्रॅग सैल ठेवलेला असतो. मरळीचे तसे नाही. ती गवताच्या आणि वेलींच्या गुंत्यात राहते, फ्रॉग तोंडात घेताच खाली वळते, आणि तिला पहिल्या दोन-तीन क्षणांत वर ओढली नाही तर मासा आणि फ्रॉग दोन्ही गेले असे समजावे. म्हणून ड्रॅग जवळजवळ बंद ठेवावा लागतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ड्रॅग बंद असला म्हणजे सगळा झटका थेट लाईन आणि स्पूल यांच्यातल्या पकडीवर येतो, आणि बॅकिंग, म्हणजे ब्रेडेड लाईनखाली मोनोचा थर, नसलेली रील नेमकी तिथेच दगा देते.

दुकानात येण्यापूर्वी घरीच तपासून पाहता येते. गळ किंवा फ्रॉग आधी काढून ठेवावा. ड्रॅग पूर्ण आवळावा आणि स्पूलच्या कडेपासून भरलेल्या लाईनवर आडवी अशी मार्करची एक सरळ रेघ ओढावी. लाईन गडद रंगाची असेल तर व्हाइटनर वापरावा. मग लाईनचे टोक खिडकीच्या गजाला बांधून, रॉड सरळ त्या दिशेला धरून, मागे सरकत हळूहळू जोर वाढवावा. लाईन हाताला गुंडाळून ओढू नये, ब्रेडेड लाईन कातडी कापते. लाईनवरची रेघ पुढे सरकली आणि स्पूलच्या कडेवरची जागेवर राहिली, तर लाईन स्पूलवर घसरते आहे आणि रीलमध्ये काही दोष नाही. दोन्ही रेघा एकत्र फिरल्या, म्हणजे स्पूलच फिरला, तर ड्रॅग सरकतो आहे. स्पिनिंग रीलमध्ये अशा वेळी क्लिकरचा आवाजही येतो. हँडलच उलटे फिरू लागले, तर दोष अँटी-रिव्हर्समध्ये, म्हणजे हँडल उलटे फिरू न देणाऱ्या भागात, आहे. या शेवटच्या दोन कारणांसाठी रील अवश्य आणावी, ती दुरुस्ती आम्ही करतो.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो मात्र या चाचणीआधीच केलेल्या घरगुती उपायांमुळे. लाईन सुटते असे दिसले, की अनेक जण ड्रॅगची चकती खोलून आत शिलाई मशीनचे तेल सोडतात. ड्रॅगचे कामच मुळी घर्षणावर चालते. त्यात पातळ तेल गेले की फेल्टच्या चकत्या ते पिऊन बसतात आणि तोवर उत्तम असलेला ड्रॅग खरोखरच धरेनासा होतो. मग चकत्या काढणे, धुणे, वाळवणे, ड्रॅगचे खास ग्रीस लावणे किंवा नव्या चकत्या मागवणे हे सारे करावे लागते आणि रील ऐन हंगामात आमच्या कपाटात पडून राहते. हे काम वॉरंटीत धरले जात नाही, यावरून काउंटरवर वाद होतात. परंतु तेल ओतलेली रील कंपनी स्वीकारत नाही आणि तो खर्च दुकानाने सोसावा ही अपेक्षा आम्हांला रास्त वाटत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे. स्पूलवर आधी मोनो घट्ट गुंडाळावी, तिला दुहेरी युनि गाठीने ब्रेडेड लाईन जोडावी आणि मग ती भरावी. पकडीपुरते पाहिले तर मोनोचे दहा-पंधरा वेढे पुरतात. आम्ही मात्र जास्त भरतो, कारण मरळीसाठी फेक सहसा तीस-चाळीस मीटरपलीकडे जात नाही आणि १०० मीटर ब्रेडेड लाईन भरपूर होते. उरलेली जागा महागड्या लाईनने भरण्यात अर्थ नाही. ३०० मीटरची गुंडी विकत घ्यायला आलेल्या ग्राहकालाही आम्ही हेच सांगतो आणि मित्राबरोबर वाटून घेण्यास सुचवतो. स्पूलच्या कडेपासून सुमारे २ मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. भरताना ओल्या फडक्यातून लाईन दाबून सोडावी. सैल भरलेली लाईन ओढ बसताच खालच्या वेढ्यांत रुतते आणि पुढच्या फेकीला फ्रॉग तुटून जातो. चिकटपट्टीचा एक वेढा देऊनही काम भागते, पण उन्हात तिचा गोंद पाघळतो असा आमचा अनुभव असल्याने आम्ही ती वापरत नाही. स्पूलला भोके असतील आणि लाईन त्यांतून ओवून बांधली असेल, किंवा स्पूलवर रबरी पट्टी बसवलेली असेल, तर बॅकिंगची गरज नाही.

अमेरिकेतल्या मस्की माशाची चित्रफीत पाहून काही ग्राहक ८० पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, लाईन मागतात. तिकडे भल्यामोठ्या लुअरसाठी (कृत्रिम आमिषासाठी) आणि दातांच्या माऱ्यासाठी तशी लाईन व पुढे वायरचा लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला तारेचा तुकडा, लागतो. आपल्याकडे मरळीला पीई (ब्रेडेड लाईनच्या जाडीचा क्रमांक) ३ किंवा ४, म्हणजे सुमारे ०.२८५ ते ०.३३ मिलिमीटर जाडीची लाईन पुरते, आणि जाड लाईन भरल्याने घसरणे थांबत नाही. वेष्टनावरच्या पौंडांपेक्षा जाडीचा आकडा पाहावा; फार स्वस्त लाईनवर पौंड उदारपणे छापलेले असतात.

आमच्याकडून लाईन घेतल्यास बॅकिंगसह भरून देण्याचे वेगळे पैसे घेत नाही. बाहेरून आणलेली लाईनही भरून देतो, तिचे मात्र शुल्क आहे, आणि बॅकिंगशिवाय भरून देण्याचा आग्रह कृपया करू नये. यंत्रावर ताण देऊन भरायला वेळ लागतो, तेव्हा शक्यतो रविवारची सकाळ टाळून यावे. रॉड आणण्याची आवश्यकता नाही. रील हँडलसह आणावी, जुनी लाईन कापून टाकू नये, कारण ती उलटी करून भरली की आतला न वापरलेला भाग वर येतो आणि आणखी एक हंगाम निघतो.