तळ्याचं पाणी पुन्हा पुन्हा हिरवं का होतं?

शेततळं, मत्स्यतळं किंवा गावतलाव सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"नाला वळवला, वरून येणारं खताचं पाणी बंद केलं, तरी मे महिन्यात पाणी हिरवंगार." जालना, बीडकडून ही तक्रार आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते. अशा वेळी वरच्या पाण्याआधी तळाचा गाळ तपासावा, असं आमचं ठाम मत आहे.

पाणी हिरवं करतं ते शेवाळ, आणि त्याचं खाद्य म्हणजे फॉस्फेट, फॉस्फरसचं संयुग. शेतात टाकलेल्या डीएपी खतातलं फॉस्फेट मुख्यतः मातीच्या कणांना धरून तळ्यात येतं आणि गाळात साठतं. आपली काळी माती बेसाल्टची, लोह आणि चुनखडी दोन्ही असलेली. लोहाच्या तांबूस संयुगांना फॉस्फेट चिकटून बसतं, पण ही पकड तळाशी ऑक्सिजन असेपर्यंतच. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गारच राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. कुजणारं शेवाळ तळाचा ऑक्सिजन संपवतं. मग लोह पाण्यात विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट सुटतं. वळवाच्या वादळात पाणी ढवळलं की ते वर येतं. काही पुन्हा लोहासोबत खाली बसतं, पण उरलेलंही पुरेसं असतं: १ ग्रॅम फॉस्फरसवर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं.

चुनखडीला धरलेलं फॉस्फेट मात्र ऑक्सिजन संपला म्हणून सुटत नाही. म्हणून आम्ही अहवालात नुसता एकूण आकडा देत नाही. लोहाचं, चुन्याचं आणि सेंद्रिय फॉस्फेट वेगवेगळं दाखवतो.

नळीने काढलेला गाळ आमच्यासोबत काठावर जरूर पाहा. वर कागदाएवढा तपकिरी पापुद्रा दिसला तर पकड अजून शाबूत आहे. वरपासून काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास, तर फॉस्फेट सुटत असण्याची शक्यता मोठी.

तळाच्या पाण्याची बाटली भरून पाठवू नका. काढताना नितळ दिसणारं ते पाणी हवा लागताच गढूळ, गंजाच्या रंगाचं होतं. लोह फॉस्फेटला घेऊन बाटलीच्या बुडाशी बसतं आणि आकडा खोटा कमी येतो. आम्ही काठावरच गाळून घेतो.

तुरटीने फॉस्फेट बांधता येतं, पण पाण्याचा सामू (पीएच) घसरून मासे दगावू शकतात. मात्रा आम्हाला विचारल्याशिवाय टाकू नका. तळं आटत असेल तर गाळ उपसून शेतात पसरणं आम्हाला सगळ्यात पटतं, कारण ते खत शेताचंच आहे. तपासणीसाठी एप्रिलमध्येच कळवा. पाऊस पडला की गाळात ट्रॅक्टर उतरत नाही.