बाल्टो आणि टोगो: औषध एक, कुत्रे दोन

बाल्टोची गोष्ट बहुतेकांना पाठ असते. जानेवारी १९२५, अलास्कातलं नोम गाव, घटसर्पाची साथ, बर्फाचं वादळ आणि औषध घेऊन पोचलेला काळा कुत्रा. आता टोगोचीही चित्रपुस्तकं मिळतात आणि मुलं विचारतात, मग खरा कोण?

बारीकसारीक फरक आधी उरकते. दोघेही हस्की, म्हणजे बर्फात घसरगाडी ओढणारे कुत्रे. दोघेही गाडी हाकणाऱ्या लिओनार्ड सेप्पालाचे. टोगो अंगाने लहान, करडा, तेव्हा बारा वर्षांचा. बाल्टो अर्धा लांडगा होता हे सिनेमातलं. पुस्तकात दिसलं तर मी वाचता वाचता खोडून सांगते. आणि कृपा करून ‘लस’ म्हणू नका. ते प्रतिविष होतं, आजारी पडलेल्यांसाठी.

खरी गल्लत होते ती अंतराची. अलास्कातल्याच नेनाना गावाहून औषध निघालं, तिथून नोम सुमारे १,०८५ किलोमीटर. गाडी हाकणाऱ्या वीस जणांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हे अंतर साडेपाच दिवसांत टप्प्याटप्प्याने, औषध एकमेकांच्या हाती देत कापलं. २ फेब्रुवारीच्या पहाटे नोममध्ये शिरली ती गुन्नार कासनची घसरगाडी. म्होरक्या बाल्टो. म्हणून नाव त्याचं झालं आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळाही त्याचाच उभा राहिला. त्याचा टप्पा साधारण ८५ किलोमीटरचा.

सेप्पाला आणि टोगो मात्र नोमहून उलटे निघाले होते. सुमारे २७४ किलोमीटर गेल्यावर शाक्टूलिक गावाजवळ औषध हाती आलं. ते घेऊन गोठलेल्या नॉर्टन खाडीवरून ते १४६ किलोमीटर परतले. एकूण धाव ४२०. ‘टोगोने ४२० किलोमीटर औषध वाहिलं’ असं सर्रास छापतात, ते चूक आहे. औषधासकट १४६, पण तेवढाही टप्पा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

हे कळलं की काही पालक बाल्टोला तोतया ठरवून मोकळे होतात. त्याचा मला फार राग येतो. वाऱ्याने कासनची गाडी उलटली, औषधाची नळकांडी बर्फात पडली. त्याने हातमोजे काढून उघड्या हातांनी चाचपडत ती शोधली. पुढचे कुत्रे त्याला दिसत नव्हते, तरी बाल्टोने वाट सोडली नाही. तोतयाला हे जमत नाही.

एकच पुस्तक घ्यायचं तर नकाशा असलेलं घ्या. आमच्याकडे नव्हतं, म्हणून आम्ही फरशीवर खडूने रेघ ओढली, वीस भाग पाडले, आणि लेकीने हातात रिकामी बाटली धरून टोगोचा तुकडा दोनदा चालून पाहिला.