टिपणातले आणे आणि बांधावरचे फूट

मोजणीचं काम देताना बहुतेक शेतकरी एकच विचारतात, "टिपणात आणि तुमच्या मशीनमध्ये फरक का येतो? शेजाऱ्याने बांध कोरला का?" कोरला असेलही. पण टिपण म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांची नोंद, तेव्हा आधी ते जुनं माप कसं घेत ते बघा.

आमच्या ऑफिसात भिंतीला जुनी साखळी टांगली आहे, एकदा हातात घ्या. जाड तारेच्या कड्या, मध्ये छोटी वळी, दोन्ही टोकांना पितळी मूठ. मूळ कल्पना इंग्लंडच्या एडमंड गुंटरची, १६२०च्या सुमाराची: ६६ फूट, १०० कड्या, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडे रुळली ती तिच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा.

आता गोम अशी, की या साखळीचा एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. टिपणात माप पूर्ण आण्यात लिहिलं असेल, तर फूटभर इकडेतिकडे त्या आकड्यातच मुरलेलं असतं. त्यात वळी झिजून साखळी लांबते, आणि साखळी लांबली की माप कमी भरतं. ३३ फुटांमागे एक इंच वाढ धरली, तरी ३३० फुटी बांधाला दहा इंच गेले. उन्हाने लोखंड वाढतं, पण ते मिलिमीटरमध्ये. त्याला फार दोष देऊ नका. खरा घोळ उतारावर. पेठ-सुरगाण्याकडे साखळी ओळंबा लावून आडवी न धरता जमिनीसरशी टाकली, तर १० अंशांच्या उतारावर १०० फूट भरतात, नकाशावर मात्र ते साडेअठ्ठ्याण्णवच.

काटकोन काढायला शंकू असे: काठीवर चकती, तिला आडव्या-उभ्या खाचा. खाचेतून डोळ्याने बघायचं, बस. पुढे प्लेन टेबल आलं, म्हणजे शेतातच नकाशा काढायची तिपाईवरची फळी. आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं मशीन.

म्हणून दिंडोरीच्या द्राक्षबागेत शेवटच्या ओळीचे अँगल (वेलींच्या मांडवाचे लोखंडी खांब) फूटभर 'पलीकडे' दिसले, तर लगेच भांडायला जाऊ नका.

आमची मोजणी खासगी आहे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातच अर्ज करावा लागतो. आमच्याकडे येताना सातबारा, गटाचा नकाशा आणि टिपणाची नक्कल आणा. आणि ट्रॅक्टरच्या आड येतो म्हणून हद्दीचा जुना दगड हलवू नका. शेतात उतरल्यावर आम्ही आधी तोच शोधतो.